एल्फिन्स्टन यांचे कुलचिन्ह: काकांच्या तसबिरीखाली पुतण्याची ढाल

आपण लिहिले आहे की, मुंबईच्या गव्हर्नरांवरील प्रदर्शनासाठी ‘एल्फिन्स्टन आडनावाचे कुलचिन्ह’ असे छापील प्रमाणपत्र आपण एका दुकानातून मागवले असून ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या तसबिरीखाली लावणार आहात. वाचून पोटात गोळा आला, कारण नेमके हेच मी एका स्मरणिकेत छापले होते आणि पुढे तीनशे प्रतींवर शुद्धिपत्रे चिकटवत बसलो होतो.

कुलचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेली खूण, आडनावाचे नसते, व्यक्तीचे असते. स्कॉटलंडमध्ये तर हा कायद्याचा विषय आहे. १६७२च्या कायद्याने तेथील ढालींची नोंदवही एडिंबरोच्या लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात आहे, आणि धाकट्या मुलाने वडिलांची ढाल जशीच्या तशी मिरवायची नसून, तिला किनार लावून किंवा असाच काही भेद करून ती आपल्या नावे नोंदवून घ्यायची असते. माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९) हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे धाकटे पुत्र; ते १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होते. मात्र १८५३ ते १८६० या काळात त्याच खुर्चीवर बसलेले जॉन हे तेरावे लॉर्ड, म्हणजे त्यांचे पुतणे आणि घराण्याचे प्रमुख. भेद न केलेली मूळ ढाल या पुतण्याची. एल्फिन्स्टन कॉलेजचे नाव काकांवरून, तर आजच्या हॉर्निमन सर्कलचे जुने नाव, एल्फिन्स्टन सर्कल, पुतण्यावरून आले आहे, एवढे मला पाठ होते. तरीही पुतण्याची ढाल मी काकांना देऊन बसलो.

छपाईपूर्वी खात्री करून घेण्यासाठी मी एका कार्यालयाला पत्र लिहिले होते. (नाव घेत नाही, तिथली माणसे बदललीही असतील.) पाच महिन्यांनी उत्तर आले की, आपल्याला ‘चिन्ह’ हवे आहे की ‘चित्र’, ते अर्जात स्पष्ट करावे. तसे स्पष्ट केल्यावर अर्ज दुसऱ्या विभागाकडे गेला आणि तिथेच राहिला. माझ्या मते अशा कामात आधी लॉर्ड लायन यांच्या नोंदवहीचाच आधार घ्यावा आणि बाकीच्यांच्या नादी लागू नये; अर्थात मी या विद्येचा पंडित नाही, ठेच लागून शिकलेला माणूस आहे.

त्या प्रमाणपत्रावर नावाचा अर्थ ‘पऱ्यांचा दगड’ असा दिला असेल, तर तोही झाकून टाका. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमधील ट्रॅनंटजवळचे गाव आहे, आणि जुन्या कागदांत येणारे ‘डी एल्फिन्स्टन’ म्हणजे आपल्याकडच्या चिपळूणकर, सातारकर यांतला ‘कर’च. लिव्हिंग्स्टन किंवा जॉन्स्टन यांच्या शेवटी दगड नसून ‘टून’, म्हणजे वाडी किंवा वस्ती, आहे. एल्फिन्स्टनचाही उलगडा तसाच करतात.

आता हातातला कागद जरा उजेडात धरून पाहा. मूळ वर्णनानुसार ढाल रुपेरी (छपाईत पांढरी चालते), तिच्यावर घराच्या आढ्याच्या कैचीसारखा काळा पट्टा आणि भोवती रानडुकराची तीन लाल मुंडकी हवीत. मुंडक्यांच्या माना ओरबाडून तोडल्यासारख्या, खाली कातडीची टोके लोंबणाऱ्या असल्या पाहिजेत. माझ्या कागदावर त्या सुरीने सरळ कापल्यासारख्या होत्या, आणि तसल्या मुंडक्यांची ढाल, निळ्यावर सोनेरी, गॉर्डन घराण्याची आहे. शिवाय ढालीच्या वर उजव्या हातात किल्ला आणि डाव्या हातात लॉरेलची डहाळी घेतलेली स्त्री दिसत असेल, तर ते शिरचिन्ह, म्हणजे ढालीच्या माथ्यावरची वेगळी खूण, आहे. दुकानदार नेमके त्यालाच ‘कुलचिन्ह’ म्हणून विकतात.

पैसे तर गेलेच आहेत. कागद टाकायचा नसेल आणि माना बरोबर असतील, तर तो जॉन यांच्या तसबिरीखाली लावा, आणि काकांच्या खाली फक्त नाव व साल लिहा.