तीस टक्के बायोडिझेलची चाचणी: इंजिनाच्या आधी टाक्या

जहाजावर तीस टक्के बायोडिझेल मिसळलेले इंधन चाचणीसाठी येणार आहे, तेव्हा इंजिनात काय बदलावे लागेल आणि त्यापेक्षा थेट मिथेनॉलच का घेऊ नये, असे आपण विचारले आहे. इंजिनात बहुधा काहीच बदलावे लागणार नाही. खरी तयारी टाक्यांची करावी लागते.

हे बायोडिझेल म्हणजे फॅटी ॲसिड मिथाइल एस्टर, आणि ते चांगले द्रावक असल्यामुळे टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून थेट फिल्टरवर येतो. माझ्या पहिल्या चाचणीत आम्ही टाकी साफ न करताच बंकर, म्हणजे जहाजासाठीचे इंधन, भरून घेतले. एरवी आठवड्यातून एकदा उघडायचा फिल्टर दुसऱ्या रात्रीपासून प्रत्येक वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या प्रत्येक पाळीत, उघडावा लागला आणि जाळीवर बोटभर काळा, चिकट थर निघाला. अहवालात दोष इंधनाच्या माथी मारला गेला. चूक आमची होती.

हे इंधन पाणी धरून ठेवते, त्यामुळे उबदार टाकीत जंतू वाढतात. नायट्राइल रबराची सील फुगतात आणि तांबे-पितळेच्या संपर्कात इंधन लवकर खराब होते. म्हणून टाकीतले पाणी रोज काढावे आणि लाइफबोट किंवा इमर्जन्सी जनरेटरच्या टाकीत, जिथे इंधन महिनोन् महिने पडून असते, ते मुळीच भरू नये. शुद्ध बायोडिझेलची ऊर्जा किलोला सुमारे 37 मेगाज्यूल, म्हणजे मरीन गॅस ऑइलपेक्षा (जहाजांच्या नेहमीच्या डिझेलपेक्षा) बारा-तेरा टक्क्यांनी कमी असते; तेव्हा खपाची तुलना टनांवर न करता ऊर्जेवर करावी, नाहीतर चांगले चाललेले इंजिनही बिघडल्यासारखे दिसते.

मिथेनॉलचे गणितच वेगळे आहे. किलोला जेमतेम 20 मेगाज्यूल ऊर्जा असल्याने टाक्या जवळजवळ अडीचपट लागतात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेते ते, 60 अंशांऐवजी 11-12 अंश सेल्सिअस असल्याने दुहेरी भिंतीचे पाइप आणि टाकीत नायट्रोजन वायू लागतो, आणि ज्योत दिवसा धड दिसतही नाही. 2015 मध्ये ‘स्टेना जर्मानिका’ या फेरीचे असे रूपांतर झाले, पण ते जहाजदुरुस्तीच्या यार्डातले काम आहे. त्यातून नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनवलेले मिथेनॉल घेतले, तर कार्बनच्या हिशेबात हाती काहीच लागत नाही.

दोन आठवड्यांच्या चाचणीत ज्वलन कळते, साठवण कळत नाही. बंकर घेतानाच एक जादा नमुना सीलबंद ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याचा ॲसिड नंबर, म्हणजे इंधनातल्या आम्लाचे प्रमाण, पुन्हा तपासून घ्या.