माळवद उतरवण्याआधी

लातूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गोलाईच्या बाजारामागचं ते जुनं घर विकत घेऊन भाड्यानं द्यायचं म्हणून बघून आल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही, असं तुझी आई सांगत होती. दुसऱ्या दिवशी तुझाच फोन, आणि पहिलंच वाक्य, "काका, दारं सागवानी आहेत." असतील रे, पण दारं भाडं देत नाहीत. फोनवर तू पुढचं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

2009 साली मी असंच एक माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर घेतलं होतं. होतं नव्हतं ते खरेदीत घातलं आणि दुरुस्तीचं नंतर बघू म्हणालो. गुत्तेदारानं मे महिन्यात माळवद उतरवलं. तेव्हा कळलं, की तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं वाळवीनं खाल्लीत. बाहेर दिसणारं लाकूड ठणठणीत आणि आतला वीतभर भाग चिमटीत धरला तरी भुगा. पत्रे टाकायचे की स्लॅब, यात पंधरा दिवस गेले. तोवर पैसेही संपले, आणि मृगाचा पाऊस उघड्या भिंतींवर पडला. पश्चिमेची भिंत एका रात्रीत बसली. मग एका पतसंस्थेतून चढ्या व्याजानं कर्ज उचललं. दिवाळीपासून भाडं सुरू होईल म्हणालो होतो, ते पुढच्या जूनला झालं. तुझ्या काकूच्या पाटल्या त्या भिंतीत आहेत, ती अजून ऐकवते.

तेव्हा दुरुस्तीचा पैसा आधी वेगळ्या खात्यात टाक आणि उरलेल्यात बसेल तेच घर घे. उलटं करू नकोस.

आता तुझा हिशोब. मालक 29 लाख म्हणतोय. बँकेचा व्हॅल्युअर जुन्या बांधकामाचा घसारा काढतो आणि दगडमातीच्या भिंतींना जवळपास शून्य धरतो, म्हणजे किंमत मुख्यतः जागेची. तो 23 म्हणाला, तर बँक त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे 18 लाखांच्या आसपास देईल. 9 टक्क्यांनी 15 वर्षं धर, हप्ता सव्वाअठरा हजार. आता भाडं. तू कॉट बेसिसवर आठ पोरं ठेवणार म्हणतोस, कॉटला अडीच हजार धरले तर महिना वीस. पण मेच्या सुरुवातीला मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली की पोरं गावाकडं जातात आणि नवी बॅच यायला वेळ लागतो. म्हणून वर्षाला दहाच महिने धर. दोन लाख भाडं, आणि हप्ते दोन लाख एकोणीस हजार. वर टँकर, घरपट्टी, मोटारीचं जळणं वेगळंच.

म्हणून कर्ज 14 लाखांच्या वर नेऊ नकोस. त्याचा हप्ता चौदा हजार दोनशे, वर्षाला तीसेक हजार वरखर्चाला राहतात. तुझ्याकडं 18 लाख आहेत. त्यातले 6 दुरुस्तीचे, त्यांना हात लावायचा नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सात टक्क्यांच्या घरात जातं, आणि शुल्क खरेदीची किंमत की रेडीरेकनरचा सरकारी दर, जे जास्त असेल त्यावर लागतं. घर आईच्या नावावर घेतलंस तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, पण मग बँक तिलाही कर्जात सहअर्जदार करून घेईल, हे तिला आधी सांग. हे सगळं वजा करून बघ, 24 लाखांच्या वर तुला हे घर परवडत नाही. मालक 25 ला आला तरी उठून ये. चहा पिऊन ये, पण उठून ये.

काही बँका खरेदीबरोबर दुरुस्तीलाही कर्ज देतात. इंजिनिअरकडून खर्चाचा अंदाज काढून जोडावा लागतो आणि पैसे काम होईल तसे टप्प्याटप्प्यानं सुटतात. म्हणजे पहिला टप्पा तुझ्याच खिशातून. दुरुस्तीसाठी पर्सनल लोन मात्र नको, एका भाड्यावर दोन हप्ते बसत नाहीत.

भिंतींबद्दल जरा जास्त लिहितो, कारण यात मी कुणाचं ऐकत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट मी विसरलेलो नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. किल्लारीकडं जे गेले त्यातले बहुतेक दगडमातीच्या घरांखाली गेले. आपल्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात म्हणून लोकांना भक्कम वाटतात. पण बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधे माती नि कपऱ्या. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगडच नसेल तर हादऱ्यानं ते एकमेकांपासून सुटतात. वर माळवदावर दरसाल गळती थांबवायला टाकलेली पांढरी माती, तिचं ओझं वेगळं. म्हणून घर घेतलंस तर पहिला खर्च रंगाचा नि टाईल्सचा नाही. माळवदाची माती उतरव, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाल आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींभोवती सळईचा काँक्रीट पट्टा फिरव. त्या घरात आठ आयांची पोरं झोपणार आहेत.

काळ्या मातीवरचं घर असेल तर फरशीला आणि कोपऱ्यांना पडलेल्या भेगा बघ. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेग आधी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं बुजवून ठेवलेली असली तरी तिथला रंग वेगळा दिसतोच.

पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तू शाळेत होतास. त्यानंतर माझ्याकडं खोली बघायला येणारा प्रत्येक बाप आधी टाकी विचारतो, मग भाडं. घराच्या चौकातला आड बुजवू नकोस, गाळ काढून बघ. दहा हजार लिटरचा हौद सहा लाखांतच बसव, रंग नंतर दे.

कागद बघायला वकील आहेच, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च त्याच्याकडून घे. दोन गोष्टी मात्र तू स्वतः बघ. एक, मालमत्ता पत्रकावर बहिणींची नावं आहेत का, आणि असतील तर त्या सहीला येणार का. दुसरं, ते रस्त्याकडचं किराणा दुकान. तो दुकानदार "माझ्या आजोबांपासून आहे" म्हणाला ना? तो निजामाच्या हैदराबादच्या काळापासूनचा भाडेकरू असला, तर 2000 साली नवा भाडे कायदा आला तरी त्याचं संरक्षण गेलं नाही. तू मालक होशील आणि तो पन्नास रुपये भाडं मनीऑर्डरनं पाठवत राहील. त्याला उठवायची बोलणी आत्ताच्या मालकानं करायची, खरेदीखताच्या आधी.

पोरांशी करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच. स्टँपवर नोटरी करून भागत नाही, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. प्राप्तिकरात घरपट्टी वजा करून भाड्याचे तीस टक्के दुरुस्तीपोटी सरसकट वजा मिळतात, तू सहा लाख घाल नाहीतर सहा हजार. कर्जाचं व्याज वेगळं वजा होतं. बाकी सीएला विचार.

रविवारी सकाळी साडेसातला गोलाईपाशी थांब, ऊन चढायच्या आत आटपू. मी ओळंबा, टॉर्च आणि लोखंडी सळई घेऊन येतो. तुळईच्या टोकात सळई टोचू. मालकाला आधी कळवू नकोस, नाहीतर तो रात्रीतून चुना मारून ठेवेल.

तुझा,
काका