उतारवयात प्रवासाने प्रकृती खरंच सुधारते का? आई-वडिलांना चारधामला पाठवावं का?

तुमचा प्रश्न असा की आई ६६ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात; वडील ७३ चे, त्यांना मधुमेह; आणि दोघांनीही चारधामचा ध्यास घेतलाय. या वयात प्रवासाचा काही फायदा होतो की नुसती दगदग?

फायदा होतो, आणि चांगलाच होतो. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. निवृत्तीनंतर मैत्रिणींबरोबर एसटीने फिरत असते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: माणूस कुठे गेला याला फार महत्त्व नाही, प्रवास त्याच्याकडून काय काय करवून घेतो त्याने प्रकृती सुधारते. घरी बसलेल्या माणसाचं चालणं पलंग ते खुर्ची एवढंच उरतं. वापर थांबला की म्हातारपणी मांडीचे-पोटरीचे स्नायू फार लवकर झडतात, मग तोल जातो, मग पडणं, मग खुब्याचं हाड मोडणं. हे मी वॉर्डात रोज पाहिलंय. बाहेर पडलं की चालावं लागतं, पायऱ्या चढाव्या लागतात, गाडीची वेळ लक्षात ठेवावी लागते, अनोळखी माणसाला रस्ता विचारावा लागतो. घरी ही सगळी कामं मुलं आणि मोबाइल करतात.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात बायकांची वीस वर्षं पाहणी झाली होती. ज्या बायका सहा-सहा वर्षांत एखादीच सुट्टी घेत, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण वर्षातून दोनदा सुट्टी घेणाऱ्या बायकांपेक्षा जास्त आढळलं. मुळात धडधाकट आणि पैसे राखून असलेली माणसंच जास्त फिरतात, त्यामुळे सगळं श्रेय सुट्टीला देता येत नाही. मला जास्त उपयोगी वाटते ती नेदरलँड्समधली २०१० सालची पाहणी. सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा आनंदी होते ते निघण्याआधी; परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नाही. म्हणून माझं सांगणं, वर्षाकाठी एक मोठी यात्रा करण्यापेक्षा लहान लहान प्रवास वरचेवर करावेत, आणि त्यांची आखणी आई-वडिलांनाच करू द्यावी. तिकीट काढणं, मुक्काम ठरवणं, कोणाला बरोबर घ्यायचं याची चर्चा, हे तुम्ही परस्पर उरकून टाकलंत तर त्यांच्या आनंदाचा मोठा वाटा तुम्हीच काढून घेता.

एसटीत वडिलांना अर्धं तिकीट आहेच, ७५ पूर्ण झाली की प्रवास मोफत. आईलाही महिला म्हणून २०२३ पासून अर्धं तिकीट. सुरुवात वाई-मेणवली, नरसोबाची वाडी अशा ठिकाणांपासून करा. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, त्यामुळे गुडघ्यांना पायऱ्यांचा त्रास नाही. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या मात्र आईसाठी आत्ता नकोत. महिना-दोन महिने खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम होऊ द्या, मग पाहा.

आता एक गोष्ट, जी बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने त्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, रक्तदाब उतरून चक्कर येते. काही जणी तर लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात. कृपा करून आईशी हे स्पष्ट बोला. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते, ती बंद करायची नसते. रस्ता असा निवडा की दर दोन-अडीच तासांनी चांगल्या ठिकाणी थांबता येईल. त्या थांब्यावर दोघांनीही उतरून चालायचं, कारण चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

वडिलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी पावलांची. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली की तळव्याला फोड येतात आणि माणसाला संध्याकाळपर्यंत कळतही नाही. जाड मोजे घालून दर्शन घ्यावं, देव रागावत नाही. नवी चप्पल प्रवासात पहिल्यांदा घालू नये. रोज रात्री आईने त्यांचे तळवे पाहावेत. जेवण लांबलं तर साखर उतरते, म्हणून खिशात ग्लुकोजची बिस्किटं हवीत. औषधं सामानाच्या बॅगेत टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

आणि चारधाम? माझ्या मते यंदा नको. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हृदय, फुप्फुसं आणि साखर तपासून हिरवा कंदील दाखवला तर जाऊ द्या, पण दोनच धाम: गंगोत्री आणि बद्रीनाथ. दोन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासूनची चढण लांबलचक; दुखऱ्या गुडघ्यांना ती झेपणार नाही. हेलिकॉप्टरने जाऊ म्हणतील, पण त्याने श्वासाचा प्रश्न सुटत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बद्रीनाथही ३,१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून जोशीमठला एक रात्र मुक्काम ठेवा. वर डोकेदुखी, मळमळ, धाप असं काही वाटलं तर दर्शन राहिलं तरी चालेल, लगेच खाली उतरायचं.

बद्रीनाथच्या तप्तकुंडात पाणी चांगलंच कढत असतं. वडिलांनी पाय घालण्याआधी आईने हात बुडवून पाहावा, आणि तिला चटका बसत असेल तर त्यांनी तांब्याने पाणी घेऊन निववून अंगावर घ्यावं.