व्हिएतनामी संशोधकांचा फेलोशिप कार्यक्रम चालवायचा म्हणजे नेमकं काय काम असतं?

तुम्ही लिहिलंय, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात या कार्यक्रमाच्या समन्वयकाची नोकरी चालून आली आहे, घेऊ का? घ्या. मात्र मुलाखती, निवड समिती, स्वागताची भाषणं असलं काही डोळ्यांसमोर असेल, तर ते वर्षातले जेमतेम तीन आठवडे. पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात मी हे काम सात वर्षं केलं. बाकीचा सगळा वेळ कागद जुळवण्यात जातो, आणि ते कागद आपल्या नाही, त्यांच्या संस्थेतले असतात.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. मध्य व्हिएतनाममधल्या एका अध्यापिकेला आम्ही निमंत्रणपत्र पाठवलं. उत्तम लेटरहेड, खाली डीनची सही. आठवड्याभरात तिची ईमेल: ऑफिसवाले विचारतायत, शिक्का कुठे आहे? तिकडे लाल गोल शिक्का नसेल तर तो कागदच नव्हे. सरकारी विद्यापीठातल्या माणसाला परदेशी जायला संस्थेचा लेखी निर्णय लागतो, आणि आमचं पत्र ग्राह्य धरल्याशिवाय तो निघेना. डीनच्या सचिवबाई हसल्या, ‘सही आहे ना?’ मी पडले जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी, शिक्क्याचा महिमा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डीनला विचारून कार्यक्रमाच्या नावाचा गोल रबरी शिक्का करून घेतला, सोबत लाल शाईचं पॅड. तेच पत्र, तीच सही, वर शिक्का. काम झालं. माझ्या सात वर्षांतली सगळ्यात उपयोगी खरेदी ती.

नावांचं आधीच सांगून ठेवते. त्यांच्यात आडनाव पहिलं आणि हाक मारायचं नाव शेवटी. देशातल्या साधारण दर तिसऱ्या माणसाचं आडनाव न्गुयेन, त्यामुळे ‘डॉक्टर न्गुयेन’ म्हटलं की चार माना वळतात. ‘डॉक्टर हुओंग’ असं शेवटच्या नावानेच बोलवा, तेच रीतसर आहे. दुसरी भानगड अक्षरांवरच्या चिन्हांची. आपल्या संगणकात ती गळून पडतात आणि ‘झुंग’ या चांगल्या मर्दानी नावाचं स्पेलिंग उरतं Dung, म्हणजे इंग्रजीत नेमकं शेण. आमच्याकडे आलेल्या एका गणितज्ञाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर तसंच छापलं गेलं. बिचारा तीन दिवस बिल्ला उलटा करून फिरत होता. तेव्हापासून बिल्ले मी स्वतः तपासायचे.

रुजू होण्याआधी थोडा इतिहास वाचा, कारण तिकडची मंडळी तो विसरलेली नसतात. फुलब्राइट हा अमेरिकी सरकारचा शिष्यवृत्ती कार्यक्रम व्हिएतनाममध्ये १९९२ साली सुरू झाला, दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले १९९५ मध्ये. म्हणजे वकिलातीच्या आधी शिष्यवृत्ती. दुसरी गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. जुन्या दक्षिण व्हिएतनाम सरकारने अमेरिकेकडून घेतलेलं सुमारे १४.५ कोटी डॉलरचं कर्ज फेडायला हनोईने १९९७ मध्ये मान्यता दिली. युद्धात ज्यांना हरवलं त्यांचं कर्ज! पुढे २००० सालच्या अमेरिकी कायद्याने त्या परतफेडीतून वर्षाला ५० लाख डॉलर ‘व्हिएतनाम एज्युकेशन फाउंडेशन’साठी राखून ठेवले आणि त्यावर शेकडो व्हिएतनामी तरुण विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक शिकायला अमेरिकेत गेले.

निवडीबद्दल एकच सांगते: अस्खलित इंग्रजीवर भाळू नका. हनोई आणि हो ची मिन्ह सिटीतली मुलं फाडफाड बोलतात, विन्ह किंवा बुओन मा थुओतसारख्या लहान शहरातला प्राध्यापक अडखळतो. जुन्या पिढीतले बरेच जण तर इंग्रजीऐवजी रशियन शिकलेले. मेकाँगच्या खोऱ्यात भातशेतीत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्यावर काम करणारा एक उमेदवार दहा मिनिटं नुसता घाम पुसत होता. आमच्यातल्या एकाने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. त्याने कालवे, झडपा, भरतीचं पाणी कुठवर येतं, सगळं रेखाटून दाखवलं. पुढच्या वर्षापासून आम्ही मुलाखतीला दुभाषी ठेवला. हा खर्च मंजूर करून घ्यायला भांडावं लागलं तरी भांडा.

परतीचं बघायला विसरू नका. सरकारी पैशावर जे-१ व्हिसाने, म्हणजे अभ्यागत संशोधक-विद्यार्थ्यांच्या व्हिसाने, आलेल्याला सहसा दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. लोक याला जाच म्हणतात, मला त्यात फार वावगं वाटत नाही. जाच वेगळाच आहे. माणूस विमानात बसतो आणि इकडे त्याचं विद्यापीठाचं खातं बंद होतं, म्हणजे जर्नल्स बंद. अर्धवट लिहिलेला पेपर घेऊन तो अशा ग्रंथालयात परततो जिथे त्यातलं एकही जर्नल येत नाही. लायब्ररीच्या मागे लागून मी हे खातं वर्षभर चालू ठेवायची सोय करून घेतली. दोन वर्षं मागितली होती.

बाकी विमा, घर, सोशल सिक्युरिटी नंबर हे अंगवळणी पडतं. हिवाळ्यात पूर्व किनारा आणि हनोई यांच्यात बरोबर बारा तासांचं अंतर असतं, घड्याळ तेच ठेवून फक्त दिवस-रात्र उलटी करायची. आणि अर्जाची शेवटची तारीख ‘तेत’च्या आसपास अजिबात ठेवू नका. हे त्यांचं नववर्ष, चांद्र पंचांगावर चालतं, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही येतं. आख्खा देश गावी गेलेला असतो, शिफारसपत्र लिहिणारे प्राध्यापक गावी, कारकून गावी, आणि तो लाल शिक्का कपाटात कुलूपबंद.