ध्येय तेच, पण रीत बदलायची कधी?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत सलग तीन वेळा थोडक्यात हुकले. दरवेळी आधीपेक्षा जास्त तास अभ्यास केला होता. घरचे म्हणतात चिकाटी सोडू नकोस, मैत्रिणी म्हणतात नाद सोड. काय करू?

उत्तर : निर्णय घेण्याआधी एक काम करा. शेवटच्या तीन-चार सराव चाचण्या काढा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न चार रकान्यांपैकी एकात टाका : विषयच माहीत नव्हता; माहीत होते पण आठवले नाही; प्रश्न वाचण्यात घोटाळा झाला; वेळ पुरला नाही. एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढू नका. एखादा दिवसच वाईट असतो.

आता सर्वांत भरलेला रकाना बघा. जास्त तास अभ्यास करून कमी होतो तो बहुतेक वेळा फक्त पहिला. बाकीचे तीन भरलेले असतील, तर अभ्यासाचे तास वाढवून गुण फारसे हलणार नाहीत. तुमच्या तीन प्रयत्नांत हेच झाले असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा रकाना मोठा असेल तर तुम्ही पुन:पुन्हा वाचता, पण न बघता आठवून लिहीत नाही, असे समजा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटले : वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 61. वाचून उठताना ‘झालं पाठ’ असे वाटते, ते त्या पहिल्या पाच मिनिटांपुरते खरे असते. म्हणून धडा संपला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहा, मग वेगळ्या रंगाच्या पेनाने सुटलेले भरा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी असाच लिहून काढा. इथे बहुतेकांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी : आठवेना की लगेच पान उघडतात. निदान दोन मिनिटे अडून बसा.

तिसऱ्या रकान्यासाठी प्रश्नातला ‘नाही’, ‘वगळता’, ‘सर्वांत’ असा शब्द अधोरेखित करूनच पर्यायांकडे वळायची सवय लावा. चौथ्यासाठी पेपर तीन फेऱ्यांत सोडवा : पहिल्या फेरीत हमखास येणारे, दुसरीत विचार लागणारे, उरलेल्या वेळेत बाकीचे. मात्र दोन्ही बदल एकदम करू नका. गुण वाढले तरी कशामुळे वाढले ते कळणार नाही, आणि घटले तर चांगला बदलही टाकून द्याल. एक बदल, किमान तीन चाचण्या, मग दुसरा.

प्रश्न : सतत मार्ग बदलणारा माणूस धरसोड्या ठरतो. मग लवचीकपणा आणि धरसोड यांत फरक कसा ओळखायचा?

उत्तर : बदलाआधी काय तपासले, हे बघा. धरसोड करणारा कंटाळा आला म्हणून बदलतो. लवचीक माणूस मोजमाप चुकले म्हणून. राइट बंधूंचे 1901 साल इथे आठवावे. त्यांच्या त्या वर्षीच्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, हिशेबाने जेवढी उचल मिळायला हवी होती, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश मिळत होती. तोच ग्लायडर आणखी मोठा करून पुन:पुन्हा उडवत बसणे हीसुद्धा चिकाटीच झाली असती. त्यांनी उलट हिशेबातल्या आकड्यांवरच संशय घेतला. लाकडी पेटीचा सुमारे सहा फूट लांबीचा वातबोगदा (आत वारा सोडून पंख तपासायची पोकळी) बनवला, त्यात पंखांचे जवळपास 200 छोटे नमुने तपासले आणि वर्षानुवर्षे वापरला जाणारा हवेच्या दाबाचा गुणांक, म्हणजे उचलीच्या हिशेबातला ठरावीक आकडा, 0.005 नसून 0.0033 च्या आसपास असल्याचे ताडले. अरुंद, लांब पंखांचा 1902 चा ग्लायडर त्यातूनच आला, आणि 17 डिसेंबर 1903 ला इंजिनासह पहिले उड्डाण झाले : 12 सेकंद, 120 फूट. उडायचे हे ठरलेलेच होते. बदलली ती गृहीतके.

तुमच्या कामातही तीन ओळी लिहून बघा : काय साधायचे, कोणत्या रीतीने, आणि ती रीत चालेल असे कशावरून वाटले. अपयश आले की खालून वर तपासा. तिसरी ओळ सहसा कुणी लिहीतच नाही, आणि घोळ बहुधा तिथेच असतो.

प्रश्न : वीस वर्षांचा अनुभव आहे, पण नव्या अडचणींवर माझ्या जुन्या युक्त्या चालेनाशा झाल्यात. हट्टी झालोय का?

उत्तर : हट्टापेक्षा सवय म्हणा. अब्राहम लुचिन्स यांनी 1942 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग कागदावर करून बघा. तीन भांडी : 21, 127 आणि 3 मापांची, हवे आहे 100 माप पाणी. मोठे भरा, त्यातून मधले एकदा आणि लहान दोनदा भरून काढा : 127 − 21 − 3 − 3. अशी पाच-सहा कोडी एकाच रीतीने सुटली की पुढचे येते : 23, 49, 3, हवे 20. बहुतेक जण तीच लांबलचक रीत वापरतात. ती चालतेही! पण 23 − 3 एवढेच पुरेसे होते. त्यानंतर 28, 76, 3, हवे 25 : इथे जुनी रीत 42 देते आणि अनेक जण चक्क अडकतात, समोर 28 − 3 असताना. कागदावर ‘डोळे झाकून सोडवू नका’ असे लिहायला लावल्यावर बऱ्याच जणांची कोंडी फुटली.

तेव्हा काम हाती घेण्याआधी एकच प्रश्न लिहा : ‘मी हे पहिल्यांदाच बघत असतो, तर सगळ्यात सोपे काय करून बघितले असते?’ उत्तर नवख्या सहकाऱ्याकडून मिळाले तर आणखी चांगले. त्याला तुमची रीत आधी सांगू नका, नाहीतर तोही तिच्यातच अडकेल.

प्रश्न : थांबायचे कधी, हेच कळत नाही. इतके घातल्यावर सोडवतही नाही.

उत्तर : घातलेले पैसे आणि वर्षे परत येणार नाहीत, तुम्ही पुढे गेलात तरी नाही आणि थांबलात तरी नाही. म्हणून निकष सुरुवातीलाच, डोके थंड असताना ठरवा आणि कुणातरी विश्वासू माणसाकडे लिहून ठेवा : कोणत्या तारखेपर्यंत, किती रकमेपर्यंत, आणि कोणता एक आकडा हलला नाही तर थांबणार. सुरुवातीला ठरवले नसेल तर आज ठरवा, पण तारीख किमान दोन-तीन महिने पुढची ठेवा. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी ठरवलेली सीमा रागाची असते.

प्रश्न : एक दिवस चुकला की माझा अख्खा नेम मोडतो.

उत्तर : लंडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला काहींना 18 दिवस लागले, काहींना 254 लागतील असा अंदाज निघाला, मध्यक, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त असा आकडा, 66. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नव्हता. तेव्हा ‘जर-तर’ आधीच लिहा : ‘जर सकाळ हुकली, तर रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे’. जर-तरमध्ये ठरलेली वेळ किंवा घटना हवी. ‘जमेल तेव्हा’ लिहिले की ते जमत नाही.