स्वातंत्र्य म्हणजे काय? ते कायम सापेक्षच असतं का?

बरंचसं सापेक्ष असतं, पण सगळं नाही.

तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन बाजू वेगळ्या केल्या: आपल्या आड कुणी न येणं आणि स्वतःच्या आयुष्याची सूत्रं स्वतःच्या हाती असणं. ज्याला कुणीच अडवत नाही, पण दारू सोडणंही जमत नाही, तो पहिल्या अर्थाने मोकळा आहे, दुसऱ्या अर्थाने नाही. पैशाअभावी शिक्षण सुटलेल्या मुलीलाही मी स्वतंत्र म्हणणार नाही, कायद्याने तिला बंदी नसली तरी.

इतरांशी संबंध आला की मर्यादा येतातच. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्याची व्याख्याच अशी आहे की दुसऱ्याला इजा होणार नाही असं काहीही करता येणं. आता इजा कशाला म्हणायचं, हे काळ आणि समाज बदलला की बदलतं. सापेक्षता खरी इथे आहे.

पण या सापेक्षतेलाही एक तळ आहे, ज्याच्या खाली जाता येत नाही, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आणीबाणीत भाषण किंवा संचार यांवर बंधनं घालता येतात. छळ आणि गुलामगिरी मात्र कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. म्हणून 'आमच्याकडे स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा आहे' असं कुणी म्हणालं, की बोलणारा सत्तेत आहे की बंधनात, हे मी आधी पाहतो.