बडोद्यातल्या मराठी घरांवरच्या कौटुंबिक संशोधनात, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या, नीट बोलता न येणाऱ्या मुलाला कसं घ्यावं? आईची मुलाखत पुरेल का?

नाही, पुरणार नाही. आई काळजी सांगेल, दिनक्रम सांगेल. घरात कोणाजवळ बसायला आवडतं हे मूलच सांगू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १२वं कलम आणि अपंग व्यक्तींच्या हक्क करारातलं ७वं कलम त्याला स्वतःचं मत मांडायचा हक्क देतात. भारताने दोन्ही मान्य केलेत, १९९२ आणि २००७ साली.

तुम्ही बडोद्यात, दांडिया बाजारातल्या मराठी घरांत काम करताय, तर आधी विचारा, मूल कोणत्या भाषेत जास्त मोकळं होतं. घरी मराठी, शाळेत गुजराती असं असतं, आणि चित्रकार्डं (बोलण्याऐवजी दाखवून सांगायची चित्रं) बहुधा शाळेच्या भाषेतली. त्याला घर दाखवू दे, फोटो काढू दे, नजरेने किंवा बोटाने निवडू दे. नुसते हो-नाहीचे प्रश्न टाळा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. उत्तराला वेळ द्या, आईने मध्येच वाक्य पूर्ण केलं तर ते आईचं म्हणूनच नोंदवा.

पालकांची संमती लागतेच. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८पर्यंत लेखी होकार घ्यायचा असतो. तुमच्या मुलाचा होकार खुणेने येईल, तो कसा ओळखणार हे संशोधनाच्या प्रस्तावातच लिहा. त्याने मान फिरवली की त्या दिवशी थांबायचं.